डिफच्या खालची मोकळीक

सकाळी साडेसहा

एक-दोन वळीव पडून गेले की आमच्या चंदगड भागातल्या पिकअपवाल्यांना गाडीचं पोट आठवतं. काजूच्या बागांकडे जाणाऱ्या वाटा जांभ्याच्या. त्यांवरून ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला कणा तसाच उभा राहतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही होत नाही. त्याच चाकोरीत मागून पिकअप उतरली की कण्यावर तिचा डिफ, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला फुगीर डिफरन्शियल, घासतो आणि कडेच्या दगडांवर शॉकअपचे ब्रॅकेट आपटतात. कोरड्यात ते निभतं. पावसात चाक घसरून गाडी कडेला सरकते आणि नेमकी या ब्रॅकेटांवर अडकून बसते.

आजची गाडी रात्रीच शेडमध्ये घेऊन ठेवली आहे. फोर-बाय-फोर पिकअप, मागे सलग अ‍ॅक्सल, त्यावर दोन्ही बाजूंना पाटे. पाना हातात घ्यायच्या आधी मी टेप घेतो. शेडमधली फरशीची एक पट्टी पाण्याच्या नळीने लेव्हल करून घेतलेली आहे, मोजायची गाडी तिच्यावरच उभी करतो. चारही चाकांत कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तितकी हवा भरतो, कारण हवा कमी असली की सगळी मापं खोटी. मग खाली झोपून मोजतो. डिफच्या पोटाखाली २०० मिलिमीटर. शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटखाली २०८. यू-बोल्टांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्यांखाली २४०. आणि अ‍ॅक्सलची नळी जमिनीपासून २९३ वर.

हे चार आकडे खडूने भिंतीवर लिहितो. नळी २९३ वर आहे आणि तिच्या कडेच्या भागात ८५ मिलिमीटर लोखंड खाली लोंबतंय. ते तिथेच असलं पाहिजे असं काही नाही. आजचं काम मुख्यतः या ८५ मिलिमीटरचं.

साडेसात

मालक काका आणि त्यांचा पुतण्या चहाच्या वेळेला येतात. गाडी पुतण्या चालवतो, त्यामुळे मागणी त्याची.

“मिस्त्री, मागनं चार इंच उचला की सरळ. पाट्याखाली ठोकळे टाकायचे, झालं.”

मी त्याला फरशीवरच खडूने काढून दाखवतो. चाक, चाकाच्या मधोमध अ‍ॅक्सल, अ‍ॅक्सलवर पाटा, पाट्यावर चासी, चासीवर हौदा. ठोकळा येणार अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये. म्हणजे वर जाणार चासी आणि हौदा. अ‍ॅक्सल चाकाला बांधलेला आहे, तो जमिनीपासून जितका आहे तितकाच राहणार. दगडाला लागतो तो डिफ, आणि त्याच्या खालची जागा सुताइतकीही वाढणार नाही.

“मग वर उचललेल्या गाड्या चालतात कशा?”

“त्यांचे टायर बघ.”

डिफच्या खालची मोकळीक वाढवायचा एकच खरा मार्ग आहे, तो म्हणजे मोठं चाक. या गाडीला आत्ता २१५/७५ आर १५ टायर आहेत, व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी २३५/७५ आर १५ देते, त्याचा व्यास ७३३. फरक तीस मिलिमीटरचा, पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे पदरात पडतात पंधराच. पुतण्याचा चेहरा उतरतो. एवढ्या पैशांत पंधरा मिलिमीटर! मी त्याला सांगतो की पंधरा मधे आहेत, कडेला किती मिळतात ते संध्याकाळी बघ.

ठोकळ्याला मी नकार देतो त्याची कारणं आणखीही आहेत. चढावर जोर लावला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो, आणि त्याला रोखून धरणारे पाटेच असतात. मध्ये चार इंचांचा ठोकळा आला की त्या पिळण्याला चार इंचांची दांडी मिळते. पाटा नागमोडी वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, आणि मागचं चाक उड्या मारायला लागतं. त्यात हौद्यात काजूची पोती भरून ही गाडी आडव्या उतारावरून चालणार. वजन चार इंच वर गेलं की कलंडायला कमी निमित्त पुरतं. कायद्याचा भाग वेगळाच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणीत कंपनीने दिलेला जो तपशील आहे तो बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. म्हणून आपण पाटे कंपनीच्याच मापाचे टाकतोय, टायर कंपनीने याच गाडीला मान्य केलेल्या मापाचे, आणि बाकी जे हलवतोय त्याबद्दल आरटीओत विचारून या असं मी काकांना काम घेतानाच सांगितलं होतं. ते जाऊन आलेत.

“तुम्ही म्हणाल तसं करा,” काका म्हणतात. “पण पावसात गाडी बागेतनं बाहेर आली पायजे.”

साडेआठ

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मागची चासी जॅकने उचलून घोड्यांवर. घोडी लावल्याशिवाय माझ्या शेडमध्ये कुणी गाडीखाली जात नाही, जॅकवरच्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही. अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक. बॅटरीची वायर काढून ठेवतो, दुपारी वेल्डिंग आहे. डिफचं तेल काढतो.

यू-बोल्टांचे नट गंजाने धरलेत. रात्री तेल मारून ठेवलं होतं, तरी दोन नट ग्रायंडरने कापावे लागतात. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो, तो पुन्हा वापरायचा नसतोच.

दहा वाजता

जुने पाटे जमिनीवर उतरवून जोडीने ठेवले की गाडीची सगळी कहाणी दिसते. मूळची कमान जाऊन मोठा पाटा जवळजवळ सपाट झालाय. नव्या पाट्याशेजारी ठेवून सुतळी धरली तर चाळीस मिलिमीटरचा फरक. डाव्या बाजूचा उजव्यापेक्षा जास्त बसलाय.

काका विचारतात, यांनाच गोलाई मारून आणली असती तर चाललं नसतं का? चालतं, पाटा निरोगी असेल तर. आमच्याकडे बेळगावात ते काम करणारे जुने कारागीर आहेत, थंड पाट्यावर जरा-जरा अंतराने दाब देत ते कमान परत आणतात. पण आधी पाटा तपासावा लागतो. आमचा धाकटा कारागीर मोठ्या पाट्यावर रॉकेलचं फडकं फिरवतो, कोरडं पुसतो आणि वरून खडू चोळतो. थोड्या वेळाने सेंटर बोल्टच्या भोकापासून एक ओली रेघ खडूवर उमटते. चीर आहे, रॉकेल तिच्यात शिरलं होतं ते बाहेर येतंय. पाट्यात हीच जागा सगळ्यात नाजूक, कारण ताण जिथे सगळ्यात जास्त येतो तिथेच भोक पाडलेलं असतं. या पाट्याला कुणी गोलाई मारून दिली असती तर तो जुलैत एखाद्या ओढ्यात तुटला असता.

काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकवून देतात. ते बघून माझा जीव तुटतो. पाट्याचं पोलाद उष्णता देऊन, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक तापमानाला मुरवून तयार केलेलं असतं. उघड्या ज्योतीने तेवढ्या भागातला सगळा कस जातो. पाटा वाकलेला दिसतो खरा, पण भार आला की महिन्याभरात पुन्हा बसतो किंवा तडकतो. त्यावर वेल्डिंगचा एक टिपका उडाला तरी तिथून चीर सुरू होऊ शकते. म्हणूनच आज पाटे आधी उतरवलेत आणि वेल्डिंग नंतर.

नव्या पाट्यांचा जुडगा सोडून बघतो. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकलेला आहे. सेंटर बोल्ट आवळला की ते एकमेकांना दाबून बसतात आणि मोठ्या पाट्याला खालून टेकू मिळतो. ही गोलाईची उतरंड नीट नसेल तर पाट्यांमध्ये फट राहते, फटीत चिखल जातो, आणि मग ते एकमेकांना खातात.

अकरा ते एक

हे आजचं मुख्य काम. शॉकअपचा जुना ब्रॅकेट अ‍ॅक्सलच्या नळीच्या खाली लोंबतो. कारखान्यात तो तिथे लावतात कारण लांब शॉकअप सोयीचा पडतो, आणि डांबरी रस्त्यावर त्याची अडचणही नसते. आम्हाला तो नळीच्या मागे, तिच्याच उंचीला न्यायचाय. खालचा डोळा त्यामुळे सत्तर मिलिमीटर वर येईल.

ब्रॅकेट कापायच्या आधी नवा शॉकअप ठरवायला हवा. इथे घाई केली तर सगळं काम वाया. जुना शॉकअप तसाच लावला तर गाडी दबल्यावर तो, चासी अ‍ॅक्सलवर आपटू नये म्हणून लावलेल्या बंप रबराच्या आधी तळाला जाईल, म्हणजे गाडीचा सगळा भार शॉकअपच्या दांड्यावर. एक तर दांडा वाकेल, नाही तर ब्रॅकेट उपटून येईल. म्हणून नव्या जुडग्यातला फक्त मोठा पाटा अ‍ॅक्सलवर तात्पुरता बांधतो, नवा ब्रॅकेट नळीला शिकंज्याने धरतो, आणि खालून जॅकने अ‍ॅक्सल वर नेतो. एकटा पाटा मऊ असतो, सहज दबतो. बंप रबर पुरतं चेपलं की वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर घेतो : ३३०. मग जॅक सोडून अ‍ॅक्सल मोकळा लोंबू देतो : ५०५.

आता असा शॉकअप पाहिजे जो ३३० पेक्षा आखूड मिटेल आणि ५०५ पेक्षा लांब उघडेल. पहिल्यापेक्षा दुसरी गोष्टही कमी महत्त्वाची नाही. चाक खड्ड्यात लोंबताना शॉकअपने त्याला अडवायचं नसतं. ते काम पाट्याचं. आणि ब्रेकचा रबरी पाइप तर कधीच ताणला जाता कामा नये, तो या स्थितीत बोटभर सैल आहे ना हे मी हाताने चाचपतो. आणून ठेवलेल्या शॉकअपचं मिटलेलं माप ३१८, उघडलेलं ५१३. दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. कामाला लागायला हरकत नाही.

वेल्डिंग मी स्वतः करतो. तात्पुरता बांधलेला पाटा पुन्हा उतरवला, जुना ब्रॅकेट कापून काढला, नळी घासून चकचकीत केली, डिफची हवा जाणारी तोटी काढली, ब्रेकचे पाइप बाजूला बांधून त्यांवर ओलं पोतं टाकलं. अर्थिंगचा चिमटा ब्रॅकेटच्या अगदी शेजारी. तो लांब चासीला लावला तर करंट बेअरिंगांमधून वाट काढतो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो, आवाज मात्र महिन्यांनी येतो. मग एक इंचभर टाका डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, मध्ये थांबत. एका दमात ओढलं तर एका बाजूने तापून नळीच वाकेल, आणि मग मागची चाकं आतल्या अंगाला किंवा बाहेर बघायला लागतील. टाके थंड झाले की नळीवर सरळ पट्टी ठेवून बघतो. हललेली नाही.

दुपारी दीड

भाकरी, आंबाड्याची भाजी, ताक. पुतण्या इथेच थांबलाय, त्याला सगळं बघायचंय. हे मला आवडतं. गाडी चालवणाऱ्याला तिच्या खाली काय आहे हे माहीत असलं की तो चाक कुठून न्यायचं ते वेगळ्या नजरेने बघतो.

दोन वाजता

आता यू-बोल्ट उलटे. कंपनीच्या बांधणीत यू-बोल्टचा वाकडा भाग पाट्यावरून येतो, दोन्ही पाय खाली जातात, आणि अ‍ॅक्सलच्या खाली प्लेट व नट. म्हणजे नट आणि आट्यांच्या शेपट्या दगडाच्या समोर. एकदा आटे चेपले की पुढे तो नट कुणालाच आवळता येत नाही. आम्ही वाकडा भाग नळीच्या खालून घेतो, पाय वर, आणि बारा मिलिमीटर जाडीची प्लेट पाट्याच्या डोक्यावर. आता दगडाला लागेल ती यू-बोल्टची गुळगुळीत पाठ. दगड तिच्यावरून सरकून जातो.

प्लेटला बंप रबरासाठी मधोमध सपाट जागा ठेवलीय. वरच्या शेपट्या चासीला लागतात का ते पुन्हा जॅकने अ‍ॅक्सल वर नेऊन बघितलं, आणि जास्तीचे आटे कापले. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या खाचेत बसलंय याची खात्री हात घालूनच करायची. ते खाचेवर चढून राहिलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. नट चौकडीने, थोडे थोडे, शेवटी टॉर्क पान्याने.

पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र आत्ता नुसते हाताने. त्यात रबरी बुश आहेत. गाडी लोंबत असताना ते आवळले तर रबर त्याच स्थितीत जखडतं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. ते चाकं जमिनीवर टेकल्यावर.

साडेतीन

या गाडीच्या मागच्या ब्रेकवर भार बघून दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. तो चासीवर बसतो आणि एक दांडी त्याच्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत येते. हौदा भरला, चासी खाली आली, की दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. हौदा रिकामा असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं जखडून गाडी गिरकी घेत नाही. ठोकळे टाकून गाडी चार इंच उचलणाऱ्यांचं याकडे लक्षच नसतं. उचललेल्या गाडीत हा व्हॉल्व्ह समजतो की हौदा कायम रिकामा आहे. मग भरल्या गाडीने घाट उतरताना मागचे ब्रेक अर्धेच लागतात.

आमची चासी बसलेल्या पाट्यांमुळे खाली होती, ती आता मूळ उंचीला आली. मध्ये कुणीतरी दांडी तारेने बांधून ठेवली होती. तार काढून फेकली, दांडीचा नवा बुश घातला, आणि पुस्तकातल्या मापाला बसवली. तारेने बांधलेली अशी दांडी मला पुष्कळ गाड्यांत सापडते, आणि दर वेळी मी चालवणाऱ्याला समोर उभं करून ती काय करते ते समजावतो.

डिफच्या हवेच्या तोटीला लांब रबरी नळी जोडून ती चासीवरून वर, डिझेल टाकीच्या गळ्यापर्यंत नेली. डिफ चालून तापलेला असतो. तसाच तो ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तोटीतून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात. दोन हात नळीने हा सगळा खर्च वाचतो. नवं तेल भरलं.

पाच वाजता

पाचही टायर बदलले, स्टेपनी धरून. फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या-मागच्या चाकांचा व्यास वेगळा चालत नाही, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडायला लागतात. पुतण्याला सांगून ठेवतो की काट्यावर साठ दिसतील तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास असेल.

गाडी जमिनीवर. दोघे हौद्यात चढून चार उड्या मारतात, पाटे आपल्या जागी बसतात. आता बुशांचे बोल्ट टॉर्क पान्याने. मग कोनमापक घेऊन गिअरबॉक्सकडचा आणि डिफकडचा कोन. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस आहेत. एका क्रॉसमुळे फिरण्यात जो कमी-जास्त वेग येतो तो दुसरा क्रॉस पुसून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे असतील तरच. शॅकल लांब करून गाडी उचलली की पाटा मागून खाली झुकतो, डिफचं तोंड वर होतं, कोन बिघडतात आणि पन्नासच्या पुढे सगळी गाडी थरथरते. आमचे दोन्ही कोन जुळतात.

टेप घेऊन पुन्हा खाली. डिफच्या पोटाखाली २१५. कडेला सगळ्यात खालची वस्तू आता यू-बोल्टची पाठ : २८८. सकाळच्या २०८ शेजारी मी तो आकडा लिहितो. पुतण्या दोन्ही आकड्यांकडे बघतो आणि स्वतःच वजाबाकी करतो.

“ऐंशी! तीन इंच झाले की मिस्त्री.”

“आणि टायरचे पंधरा सोडले तर हौदा जिथं कंपनीनं ठेवला होता तिथंच आहे.”

सहा वाजता

शेडच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांचा एक ढीग मुद्दाम ठेवलाय. डावं मागचं चाक त्यावर चढवतो, उजवं खाली लोंबतं. टायर हौद्याला किंवा पाट्याला घासत नाही. ब्रेकचा पाइप सैल. शॉकअपला अजून जागा आहे. दुसऱ्या बाजूने तसंच. मग रस्त्यावर, आधी रिकामी, नंतर शेजारच्या दुकानातून उसनी घेतलेली सिमेंटची पोती भरून. भरल्या गाडीचे ब्रेक मोकळ्या पट्ट्यावर मुद्दाम जोरात मारून बघतो. सरळ थांबते.

एक गोष्ट राहते, स्टेपनी. ती हौद्याच्या खाली, मागच्या टोकाला टांगलेली आहे आणि खड्ड्यातून वर चढताना तीच आधी टेकते. हौद्यात उभी केली तर पोत्यांची जागा जाते. काकांना ते नकोय. शेवटी ठरतं की पावसाचे चार महिने ती हौद्यात आणि एरवी खाली. माझ्या मते ती कायमची वरच असावी, पण पोती त्यांना भरायची आहेत.

सात वाजता

बिल होतं. मी पुतण्याला यू-बोल्टांचे नट दाखवतो, प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारलीय, नटावरून प्लेटवर गेलेली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. शंभर किलोमीटर झाले की गाडी इकडे आणायची, सगळे नट पुन्हा आवळायचे. नवे पाटे बसतात, नवे बोल्ट ताणले जातात, त्यामुळे पहिल्यांदा ते सैल होणारच. मग हजारला पुन्हा एकदा.

“आणि मधल्या कण्याचं?” तो विचारतो.

डिफखाली पंधराच वाढलेत, हे मी त्याला परत सांगतो. दगड मधे दिसला तर त्याला पोटाखाली घ्यायचं नाही, चाक त्याच्यावर चढवायचं. चाक चढलं की अ‍ॅक्सल आणि डिफ त्याच्याबरोबर वर उचलले जातात. जिथे जागा असेल तिथे चाकोरी सोडून एक चाक कण्यावर आणि एक बांधाच्या कडेला ठेवायचं. कडेचे ब्रॅकेट आता आडवे येत नाहीत, म्हणून हे करता येईल.

काका इतका वेळ गप्प होते. बागेच्या चढावर कणा सगळ्यात उंच आहे तिथे उद्याच दोन गडी आणि पहारी लावतो म्हणतात, पाऊस लागायच्या आत तो फोडून चाकोऱ्यांत भरून टाकायचा. मी त्यांना म्हणतो, फोडलेला जांभा चाकोरीत नुसता टाकू नका, रिकामी गाडी चार वेळा त्यावरून फिरवून दाबून घ्या. म्हणजे शंभर किलोमीटरही लवकर होतील.